मचवा पलीकडे जाईपर्यंत

१२ ऑक्टोबर १९६४, सोमवार

पोचलो एकदाचा. वापीला उतरल्यावर सिल्वासाची मोटार मिळायला दोन तास लागले, पण मन इतकं खुशीत होतं की ट्रंकेवर बसून दोन कप चहा प्यालो आणि शेजारच्या पानवाल्याने विचारलं नसतानाही त्याला सांगून टाकलं, की माझी दमणगंगेच्या पुलावर नेमणूक झाली आहे. तो म्हणाला, ‘सारूं, सारूं.’ त्याला काय त्याचं! ओव्हरसियर श्रीकांत वालावलकर स्वतः थांब्यावर घ्यायला आले होते. ते कुडाळचे, मी केळूसचा. पाच मिनिटांत आम्ही मालवणीवर आलो.

पूल गावापासून दीड मैलावर, अथालच्या वाटेवर आहे. पोर्तुगिजांच्या वेळचा, सगळा सागवानी. मधला गाळा बिजागऱ्यांवर बसवलाय. काठावरची लोखंडी चक्री फिरवली की साखळ्या ताणतात आणि तो गाळा दरवाजासारखा वर उभा राहतो. नदीतून येणाऱ्या मचव्यांच्या डोलकाठ्या उंच, त्या पुलाखालून जात नाहीत, म्हणून ही सोय. ती चक्री फिरवायला आता मी.

चक्रीला लागूनच कौलारू खोली आहे. एक खिडकी नदीवर, एक पुलावर. मुंबईला दादाच्या बिऱ्हाडात नऊ माणसं आणि मी गॅलरीत. आई होती तोवर ‘रमाकांत जेवला का’ असं निदान कोणी विचारत तरी होतं. मागच्या वर्षी ती गेली आणि तेही संपलं. आज पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या खोलीत माझा कंदील लावून बसलोय. ही वहीसुद्धा नवी आहे.

१४ ऑक्टोबर

पूल उघडण्याचे नियम भिंतीवर चौकटीत लावले आहेत. वर पोर्तुगीज, खाली कोणीतरी झोकदार अक्षरात केलेलं मराठी. आज ते पाठ केले. मचव्याने वळणावरून तीनदा शंख फुंकायचा. पूलवाल्याने ऐकल्याची खूण म्हणून घंटा द्यायची, दोन्हीकडची फाटकं लावायची आणि मग स्वतः पुलावरून चालत जाऊन कोणी माणूस, जनावर नाही ना ते पाहायचं. नुसतं लांबून पाहिलेलं चालत नाही. त्यानंतर हिरवं निशाण आणि चक्री. दोन मचवे समोरासमोर आले तर प्रवाहाबरोबर येणाऱ्याला आधी वाट, कारण त्याला थांबता येत नाही. आणि शेवटचा नियम तांबड्या शाईत: डोलकाठी पुलापलीकडे गेलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाळा खाली आणू नये, रस्त्यावर कोणीही खोळंबलं असलं तरी.

नियम चांगले आहेत. ज्याने केले त्याला पाणी कळत होतं.

मदतीला लहानू म्हणून वारली गडी आहे, पन्नाशीचा. बोलतो कमी. आज दुपारी पहिला मचवा आला, दमणहून कौलं घेऊन. मी घंटा दिली, फाटकं लावली, पूल चालून आलो. दोघांनी मिळून चक्री फिरवली आणि एवढा थोरला गाळा कुरकुरत आभाळात गेला! मचवा खालून सरकताना सुकाणूवरच्या तांडेलाने हात कपाळाला लावला. मीही लावला. अंगावर काटा आला आनंदाने.

२५ ऑक्टोबर, रविवार

दिवसाला दोन, कधी तीन मचवे. वर जाताना कौलं, मीठ, येताना साग आणि बांबू. तांडेल मला नावाने ओळखायला लागलेत.

रजनी टिपणीस म्हणून अथालच्या शाळेवर बाई आहेत. अलिबागच्या. राहतात सिल्वासात, रोज सकाळी दहाला पुलावरून जातात आणि साडेपाचला परत येतात. परवा गाळा वर होता म्हणून फाटकापाशी खोळंबल्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, ‘अहो, दिवसभर मुलांना पाढे म्हणून दाखवायचे. उभं राहून नदी बघायला कोण देतं मला?’ तेव्हापासून थांबतात थोडा वेळ. मी पाच वाजताच तोंड धुऊन शर्ट बदलतो. लहानूच्या ते लक्षात आलंय.

४ नोव्हेंबर, दिवाळी

रजनीबाई अलिबागला गेल्या. जाण्याआधी डब्यात करंज्या आणि शेव देऊन गेल्या. वालावलकर सहकुटुंब कुडाळला. पूल बंद, मचवे नाहीत. लहानूला करंजी दिली, ती त्याने फडक्यात बांधून घरी नेली. संध्याकाळी एक पणती खिडकीत ठेवली आणि बसून राहिलो. इथे किती शांत असतं ते आज कळलं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

हंगाम संपला. आज शेवटचा मचवा खाली गेला. पाणी भराभर उतरतंय, आठ दिवसांत गुडघ्याएवढं होईल, मग जूनपर्यंत मचवा नाही. लहानूही गवत कापायला निघाला. जाताना फाटकापाशी घुटमळला आणि म्हणाला, ‘सायब, आता शंख वाजला तरी घंटा देव नको.’ मी हसलो, म्हटलं मचवेच नाहीत तर शंख कोण वाजवणार? तो म्हणाला, ‘म्हनूनच सांगतो.’ आणि गेला.

२४ नोव्हेंबर

आज दुपारी साडेतीनला शंख वाजला. तीनदा, स्वच्छ, वळणावरून.

चुकलेला कोणीतरी असेल असं वाटलं. लहानूचं बोलणं आठवलं, पण नियमात लिहिलंय की ऐकलं तर घंटा द्यायची. दिली. फाटकं लावली, पूल चालून आलो, एकट्याने चक्री फिरवली, तळव्यांना फोड आले. अर्धा तास वाट पाहिली. नदीत ठिकठिकाणी रेती वर आली होती, तिच्यावर बगळे उभे होते. मचवा नाही.

गाळा खाली आणायला निघालो तेव्हा पाण्यावर लक्ष गेलं. वर उचललेल्या गाळ्याची सावली पडली होती आणि तिच्या शेजारून दुसरी एक बारीक, उंच सावली हळूहळू सरकत होती. डोलकाठीची असते तशी. ती पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. मग मी गाळा उतरवला.

२७ नोव्हेंबर

रोज येतात. वेळ तीच. दिसत काहीच नाही, सावली तेवढी. पण ऐकू येतं. दोर घासल्याचा आवाज, भांडी, एका म्हातारीचा खोकला. आज सावली मधेच थांबली आणि वास आला, सुका जवळा परततात त्याचा आणि तांदळाच्या भाकरीचा. आमच्या केळूसच्या घरी असाच यायचा. पुलाखाली मचवा लावून जेवायला बसलेत. पाऊण तास लागला त्यांना. मी कठड्याला टेकून उभा होतो.

भ्यालो का? भ्यालो. पण पळालो नाही, हेही खरं लिहितो.

१ डिसेंबर

आज त्यांनी मला हाक मारली. बाईचा आवाज होता, मोकळा, हसरा. ‘ओ पूलवाले! जेवले काय?’

वर्ष झालं हे कोणी मला विचारलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, नाही अजून. ती म्हणाली, या मग, ताट वाढते. मी म्हणालो, आज नको, येईन एकदा. खाली सगळे हसले, घरातली माणसं हसतात तसे.

दुपार कधी होते याची सकाळपासून वाट पाहू लागलोय. हे मी कोणाला सांगणार नाही.

५ डिसेंबर, शनिवार

शनिवारची अर्धी शाळा, शिवाय नंतर कसलीशी बैठक होती, म्हणून रजनीबाई चारच्या सुमारास आल्या. गाळा वर. त्या पलीकडच्या फाटकाशी उभ्या, मी इकडे. त्यांनी ओरडून विचारलं, मचवा कुठे आहे? मी खाली बोट दाखवलं. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गाळा उतरल्यावर आल्या. नेहमीसारख्या थांबल्या नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाल्या, की केळुसकर, तुम्ही थोडे दिवस गावात राहायला या, वालावलकरांकडे खोली आहे.

पुलावरून जाणारे गाडीवाले आता माझ्या खोलीकडे बघत नाहीत.

६ डिसेंबर

लहानूच्या पाड्यावर गेलो. तो अंगणात गवत रचत होता. घंटा दिलीस काय, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हणालो, तेव्हा खाली बसला आणि सांगितलं.

सात वर्षांपूर्वी नारायण म्हणून पूलवाला होता, खानदेशातला. हंगामातला शेवटचा मचवा खाली चालला होता, तांडेल, त्याची बायको, म्हातारी आई आणि दोन भाऊ. वारा नव्हता, मचवा गाळ्याखाली रेंगाळला, माणसं जेवत होती. रस्त्यावर कोणा बड्या माणसाची मोटार सारखी हॉर्न देत होती. नारायण घाबरला. त्याने डोलकाठी पलीकडे जायच्या आत गाळा खाली सोडला. काठी मोडली, मचवा उलटला. पाचही माणसं लाकडांखाली अडकून गेली. मोटार पुलावरून निघून गेली.

त्या सालापासून हंगाम संपला की ते येतात. घंटा दिली नाही तर दोन-चार दिवसांनी गप्प होतात. दिली की मग रोज.

मी विचारलं, नारायण कुठे आहे? अमळनेरला. पत्ता वालावलकरांकडे मिळाला. पत्र टाकलं.

९ डिसेंबर

आज उघडायचं नाही असं ठरवलं. कानात कापूस घालून बसलो. शंख वाजत राहिला. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. त्याचा आवाज रागाचा नव्हता, तेच सोसवेना. दाराशी लेकरू रडावं तसा. सव्वापाचला उठलो आणि चक्री फिरवली. बाई म्हणाली, ‘उशीर केलात, अन्न निवलं.’

१५ डिसेंबर

नारायणचं कार्ड आलं. तसंच उतरवतो.

‘रा. रा. केळुसकर यांस. आता शंख वाजला की उघडत जा, इलाज नाही. त्यांना सुखानं जेवू द्या, जेवण झालं की ते जातात. पाणी आटेल तसे थांबतील. पण ते खाली असताना गाळा उतरवू नका, काही झालं तरी. एकदा मेलेली माणसं आहेत, दुसऱ्यांदा ते गप्प मरणार नाहीत. ताटावर बोलावतील, येतो म्हणू नका. मी म्हटलं नाही म्हणून वाचलो. तुम्ही म्हटलं असेल तर देव तुमचं भलं करो. मी आता नळाचं पाणीही डोळे मिटून पितो.’

मी म्हटलं आहे.

१७ डिसेंबर, गुरुवार

नीट लिहितो. हे लिहिलं पाहिजे.

साडेतीनला शंख. उघडलं. ते खाली बसले, वास आला. चार वाजता अथालकडून बैलगाडी धावत आली. शाळेचे शिपाई गाडीपुढे ओरडत होते. गाडीत रजनीबाई. सरपण काढताना फुरसं चावलं होतं. पाय काळानिळा, तोंडातून रक्त येत होतं. इस्पितळ इकडे, सिल्वासात, आणि मधे गाळा उभा. दोन्ही काठ उभे तुटलेले, पात्रात उतरायला वाट नाही.

मी कठड्यावरून खाली ओरडलो. म्हणालो, हात जोडतो, लवकर पुढे व्हा, माणूस मरतंय. खाली भांडी थांबली. बाई म्हणाली, ‘दोन घास राहिलेत, पूलवाले.’ सावली हलली नाही. मी थांबलो. शिपाई शिव्या द्यायला लागले. गाडीत रजनीबाईंनी मान उचलली आणि माझ्याकडे बघितलं. तशीच मान खाली गेली.

मी चक्रीचा खटका काढला आणि गाळा सोडला.

लाकूड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बैल उधळले. शिपाई म्हणाले, पुलाची तुळई गेली वाटतं. तुळई नव्हती. आणि खालून किंकाळ्या, त्या मात्र मला एकट्यालाच. पाच आवाज. मग बुडबुडे. गाडी पुलावरून गेली.

नदीत पाणी घोट्याएवढं आहे.

१८ डिसेंबर

सकाळी खोलीच्या पायऱ्या ओल्या. पुसल्या. पुन्हा ओल्या.

शंख वाजला नाही. चार वाजले, पाच वाजले. इतकी वाट मी त्याची कधी पाहिली नव्हती.

१९ डिसेंबर

लहानू आला. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. रजनीबाई वाचल्या! डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही नव्हतं. सोमवारी उठू देणार आहेत, त्या म्हणाल्या, आधी पुलावर जाऊन केळुसकरांचे पाय धरीन.

मी हसलो. हसताना खोकला आला आणि ओंजळभर पाणी पडलं, गढूळ, त्यात रेती. लहानूने पाहिलं. म्हणाला, सायब, चल, आत्ता चल.

निघालो त्याच्याबरोबर. अर्धा मैल गेलो असेन. घशापर्यंत पाणी चढलं, श्वास बंद. रस्त्याच्या मधोमध, उन्हात, कोरड्या धुळीत बुडत होतो. मागे फिरलो तेव्हा उतरलं. लहानूने ओढायचा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेवटी मीच त्याला जा म्हटलं. जाताना तो रडला. त्याला सांगितलंय, बाईंना इकडे येऊ देऊ नको, काहीही कारण सांग.

चक्रीचा दांडा काढून नदीत फेकला. आता कोणी उघडणार नाही.

२० डिसेंबर

चूक झाली. दांडा नाही, पूल उघडत नाही, त्यांना जायला वाट नाही. म्हणून आता इथेच —

पाच जण. दिसतात आता. भिंतीला टेकून बसतात. म्हातारी खोकते. कोणी रागावत नाही. तांडेलाच्या डोक्याला मधोमध खाच आहे, त्यातून पाणी गळतं, तो ते पुसतही नाही.

बाई चूल पेटवते. पेटत नाही. ओलं सरपण. पुन्हा पेटवते —

दुपार

ताटं मांडली. सहा.

न जेवून किती वेळ. ती सारखी तेच विचारते, त्याच आवाजात. जेवले काय. जेवले काय. आईही एवढ्या मायेने —

संध्याकाळ

बसलो ताटावर. खरं लिहितो. एकटं बसवत नव्हतं. घास घेतला. गार. चिखल. त्यांनी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग सगळे जेवू लागले.

२१ डिसेंबर, सोमवार

पाय लाकडाखाली असल्यासारखे. हलत नाहीत. दाराशीच पडलोय. हात चालतो आहे.

सकाळ आहे. ऊन पडलंय. बगळे.

म्हातारी म्हणते जागा पुरेल. कशाला? विचारलं. म्हणते, अजून एका ताटाला.

बाई सातवं ताट पुसते आहे —

कोणीतरी गावाकडून येतंय. काठी टेकत. हळू. लहानूने सांगितलं नाही? सांगितलं असेल. ऐकणार नाहीत त्या.

हाक मारताहेत. केळुसकर. केळुसकर, आहात ना आत? मी रजनी.

ओ द्यायला तोंड उघडलं, पाणी आलं. नुसतं पाणी. आवाज नाही. ताट पुसणाऱ्या बाईने मात्र माझ्या आवाजात ओ दिली. या म्हणाली. जेवले काय म्हणाली. माझ्या आवाजात —

पान फाडून दाराखालून सरकवतो. तेवढं पोचेल. पायरीवर काठी वाजली. रजनीबाई, तो मी नव्हे. आत येऊ नका. मागे फिरा, येते म्हणू नका, जेवला नसाल तरी हो म्हणा, दाराला हात ला